सतरा नांदी आणि एक मनगट

रतनशेठ अध्यक्ष होते तोवर बुऱ्हाणपूरच्या म्युनिसिपालिटीत एकही ठराव तोंडाने मंजूर झाला नाही. हे विधान मी अलंकार म्हणून करीत नाही. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका या नात्याने मला त्या कचेरीत वारंवार जावे लागे, आणि सभा चालू असताना तिथे ऐकू येई ती केवळ पंख्याच्या दोरीची कुरकुर, शाईच्या दौतीवर घोंगावणारी एखादी माशी आणि मधूनच कोणा मेंबराचा खोल निःश्वास. बाकी सारे एका उपरण्याखाली चाललेले असे.

दिवाळी अंकासाठी शाळेतल्या दिवसांविषयी लिहा, असे मला सांगण्यात आले आहे. परंतु खडू, घंटा आणि हजेरी यांची हकिगत सांगून वाचकांचा फराळ मी बेचव करणार नाही. मी सांगणार आहे एका सौद्याविषयी. तो मी केला, असे हे शहर आजही समजते.

रतनशेठ कलाबत्तूचे व्यापारी होते. चांदीच्या कांबीवर सोने चढवायचे, मग ती पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून ओढत न्यायची, ती केसाहून बारीक झाली की चपटी करून रेशमावर गुंडाळायची, की कलाबत्तू झाली. बुधवारा पेठेत त्यांच्या पेढीखालून जाताना तार ओढल्याचा बारीक, दातांत शिरणारा आवाज येई आणि त्यात ओल्या रेशमाचा वास मिसळलेला असे. शेठजींच्या अंगरख्यालाही तोच वास होता.

या व्यापारात भाव कधी उच्चारीत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणे टाकीत आणि बोटांनी बोलत. एक बोट धरले की एक. पंजा धरला की पाच. पंजा धरून वर एक बोट धरले की सहा. तळव्यावर नख ओढले की नकार. समोरचा हात निश्चल राहिला, तर तो अजून राजी नाही असे समजून आपण पुढे सरकायचे. आणि शेवटी एकाने दुसऱ्याचे मनगट दाबले की सौदा पक्का. त्यानंतर आभाळ कोसळले तरी माघार नाही.

शेठजींच्या आधीचे अध्यक्ष वकील होते. त्यांच्या काळात एका गटाराची सभा जेवणानंतर सुरू होई, दिवेलागणीपर्यंत चाले, आणि गटार तिथेच राही. रतनशेठ खुर्चीवर बसले, त्यांनी खांद्यावरचे उपरणे टेबलावर पसरले आणि म्हणाले, "तोंडाला दोन ओठ राह्यतात. त्यातला एक नेहमी फिरतो. हात आना."

मेंबर एकेक करून उपरण्याखाली हात घालून गेले. पाऊण तासात गटार मंजूर झाले. कोण कोणाच्या बाजूने होता हे कोणालाच न कळल्यामुळे भांडणाला जागा उरली नाही. दुःखी झाले ते फक्त वामनराव. वामनराव म्युनिसिपालिटीचे सेक्रेटरी होते, पुण्यात शिकलेले, स्वल्पविरामावर प्रेम करणारे. सभेचा वृत्तान्त त्यांना लिहावा लागे, आणि "सर्वांनुमते, स्पर्शाने मंजूर" हे वाक्य लिहिताना त्यांचा चेहरा जुलाब घेतल्यासारखा होई.

एके दिवशी खांडव्याहून डेप्युटी कमिशनर साहेब सभा पाहायला आले. विषय होता बुधवाऱ्याच्या बाजारात येणाऱ्या बैलांना पाणी पिण्यासाठी दगडी नांदी बसवण्याचा. दोन पुरेत असे सर्वांचे मत होते. पण पाहुण्याचा मान म्हणून शेठजींनी उपरणे साहेबांपुढे धरले. साहेबांनी त्याखाली हात घातला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे शेठजींचा पंजा धरून तीनदा दणदणीत हलवला. तीन पंजे, पंधरा. हात सोडताना दोन बोटे जरा अडकली. सतरा. आणि मग, स्नेहाधिक्याने, साहेबांनी दुसऱ्या हाताने शेठजींचे मनगट दाबले.

शेठजी पांढरे पडले. साहेब निघून गेल्यावर वामनराव म्हणाले, "अहो शेठजी, ते हस्तांदोलन होते! त्यांच्याकडे तसेच करतात."

"मनगट दाबलं ना?"

"दाबलं, पण..."

"मंग लिहा."

वामनरावांनी लिहिले, "विषय तिसरा. साहेबांच्या हस्ते नांदी सतरा."

आता पुढचा भाग वाचकांना खोटा वाटेल. मलाही तो घडत असताना खोटाच वाटला होता. तो वृत्तान्त खांडव्याच्या कचेरीत भाषांतरासाठी गेला. तिथला भाषांतरकार नाटकाचा शौकीन असावा. जनावरे पाणी पितात ती नांद त्याला कोठून ठाऊक असणार? त्याला ठाऊक होती ती नाटकाच्या आरंभी देवाला आळवणारी नांदी. त्याने साहेबांना कळवले की बुऱ्हाणपूरच्या मंडळींनी आपल्या सन्मानार्थ सतरा मंगलाचरणे योजिली आहेत. साहेबांचे उत्तर आले, की कल्पना स्तुत्य आहे, मंजुरी आहे, पुढल्या भेटीत ती ऐकण्यास मी उत्सुक आहे.

वामनराव ते पत्र घेऊन शाळेत माझ्याकडे आले. माझे वडील घरी वृत्ते शिकवीत असत. बालपणी वैधव्य आल्यावर त्यांनी माझ्या हातात दुसरे काही न देता छंदःशास्त्र दिले, आणि म्युनिसिपालिटीची मानपत्रे मी लिहीत असे, हे गावाला ठाऊक होते.

"बाई," वामनराव खालच्या आवाजात म्हणाले, "सतरा नांदी हव्यात. दगडी नव्हेत, त्या शेठजी बसवताहेत. दुसऱ्या."

मी सतरा नांदी रचल्या. गणपती, सरस्वती, शंकर अशी सुरुवात झोकात झाली. तापी नदीवर तर मी शार्दूलविक्रीडितात असे काही कडवे लिहिले, की मला स्वतःलाच वाळूचा ओला गारवा तळपायाला जाणवला. पण तेराव्या नांदीला देव संपले. मग चौदावी मी वाऱ्याला वाहिली, पंधरावी दिशांना, सोळावी बैलाला. सतरावी कोणाला वाहिली ते मला आजही सांगता येत नाही. तीत "हे अनाम" असे संबोधन आहे.

साहेब बुधवारीच आले. बाजार भरलेला होता. सतरा कोऱ्या नांदी एका ओळीत मांडल्या होत्या, ताज्या फोडलेल्या दगडाचा वास येत होता, आणि माझ्या चौथीच्या अकरा मुली एकेका नांदीपुढे उभ्या राहून एकेक नांदी म्हणत पुढे सरकत होत्या. साहेबांना वाटले, ही इथली जलपूजा आहे. त्यांनी प्रत्येक नांदीपुढे टोपी काढली. सतरा वेळा. सरस्वतीच्या स्तवनाच्या ऐन मध्यावर एका खिलारी बैलाने ती नांद तळापर्यंत पिऊन टाकली आणि समाधानाने फुरफुरला. त्याच्याकडे पाहूनही साहेबांनी आदराने मान लववली.

शेठजींच्या डोळ्यांत पाणी आले. मुलींमध्ये सर्वांत स्वच्छ आवाज कस्तुरीचा होता, आणि ती त्यांच्याच पेढीतल्या तार ओढणाऱ्या कारागिराची लेक होती. समारंभ संपल्यावर ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, म्युनिसिपालटीची अब्रू ठेवली तुमी. मागा काय ते."

काय मागायचे ते मला पाठ होते. आमची शाळा चौथीपर्यंत होती. चौथी झाली की पाटी घरी, मुलगी चुलीपुढे, आणि वर्षभरात मांडवात. त्या अकराही मुलींची चौथी त्या उन्हाळ्यात संपत होती. कस्तुरीची तर फोपनारला केळीच्या बागाइतदाराकडे बोलणीही सुरू झाली होती. पाचवीचा वर्ग निघाला, तर तिचा बाप वर्षभर थांबायला तयार होता. मी तोंड उघडले, तोच शेठजींनी दोन्ही हात वर केले.

"तोंडानं नका सांगू! भाव फुटतो!"

आणि त्यांनी सवयीने उपरणे पुढे केले. मग ते थबकले. मीही थबकले. परस्त्रीचा, त्यातून विधवेचा हात ते उपरण्याखाली कसा धरणार? आणि धरल्याशिवाय मंजुरी कशी देणार? ते उपरणे आमच्या दोघांच्या मध्ये वाऱ्यावर हलत राहिले.

मी अर्ज केला. शेठजींनी तो तळहातावर तोलून परत पाठवला. निरोप होता, "कागद चांगला आहे. पन याले बोटं कुठं आहेत?" दुसरा अर्ज मी ओवीबद्ध केला. तोही परत आला. इकडे आंबे पिकू लागले होते, आणि वर्ग उन्हाळ्याच्या सुटीआधी मंजूर झाला नाही तर तो मंजूर होऊन उपयोग नव्हता.

अखेर वामनरावांना युक्ती सुचली. कासाराच्या दुकानात बांगड्या मांडून ठेवायला लाकडी हात असतो. तो त्यांनी मागून आणला. "नियमात 'हात' असे म्हटले आहे," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "कोणाचा आणि कशाचा, ते म्हटलेले नाही."

कचेरीत टेबलाच्या एका बाजूला शेठजी बसले, दुसऱ्या बाजूला तो हात उभा केला, आणि मी चार पावलांवर भिंतीशी. कासाराने त्याच्या बांगड्या काढलेल्या नव्हत्या. माझ्या वतीने बसलेल्या त्या हाताच्या मनगटात हिरव्या काचेच्या सहा बांगड्या किणकिणत होत्या, आणि माझे स्वतःचे मनगट मी पदराखाली झाकून उभी होते. त्या दिवशी हसू आणि रडू यांत नेमके कोणते आधी आले, ते मला ठरवता आले नाही.

उपरणे पडले. शेठजींनी चार बोटे धरली. म्हणजे शाळा आहे तेवढीच, चौथीपर्यंत. हात निश्चल. शेठजींनी भुवया उंचावल्या आणि पंजा धरला. हात निश्चल. कपाळावर घाम आला. सहा. हात निश्चल.

"बडा पक्का माल आहे," शेठजी पुटपुटले. सौद्यात रंगलेला माणूस समोर लाकूड आहे हे विसरून गेला होता. आता शेठजी आपले मनगट दाबले जाण्याची वाट पाहू लागले. पाच मिनिटे गेली. दहा गेली. खिडकीतून मावा जिलेबीच्या तुपाचा वास आला आणि गेला. शेवटी त्यांनी उपरणे ओढून काढले, त्या हाताकडे पाहिले आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "वामनराव, लाकडानं लुटलं मले. सहावर नेलं आन् आता पक्कं करत नाई!"

"शेठजी, आपणच त्याचे मनगट दाबावे," वामनरावांनी सुचवले.

"मी दाबू? घेनाऱ्याच्या आधी? बाजारात तोंड दाखवू का नको?"

सौदा मोडला. परीक्षांना एकवीस दिवस उरले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी शेठजींच्या घरून बोलावणे आले. त्यांची पत्नी, जिला सारे माई म्हणत, पेढीच्या माडीवर बसली होती. लहानखुरी बाई, लहानपणापासून रेशमावर तार गुंडाळून बोटांची टोके शिंपल्यासारखी गुळगुळीत झालेली. तिचे वडीलही याच व्यापारातले होते. अक्षर तिला येत नव्हते, आणि चारचौघांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुमचा हात ते धरू शकत नाईत," ती म्हणाली. "माझा धरतात. तुमी माझा धरा."

असे आम्ही तिघे बसलो: माई मध्ये, तिच्या डाव्या हाताशी शेठजी, उजव्या हाताशी मी, आणि दोन उपरणी. मी जे बोट दाबीन ते माई तिकडे दाबणार, तिकडून जे येईल ते माझ्याकडे आणणार. वामनराव टाक भिजवून समोर.

मी पंजा धरला. पाच. तिच्या हाताची ऊब, तिच्या बोटांची ती टणक, सोनेरी धूळ बसलेली टोके, हे सारे मला आजही आठवते. क्षणभराने माझ्या तळव्यावर नख फिरले. नकार. मी पुन्हा पाच दाबले. पुन्हा नख. शेठजींचा श्वास मोठा झाला. "अवं, येवढं?" ते अर्धवट ओरडले. मला नवल वाटले. एकाच वर्गाने एवढे का हबकावे? मी तिसऱ्यांदा पंजा धरला. तिसऱ्यांदा नख फिरले.

माझा धीर सुटला. मनात आले, कस्तुरी फोपनारला गेली, बाकीच्या दहाजणी कुठे कुठे गेल्या, आणि मी सोळावी नांदी बैलाला वाहिली ती व्यर्थ. मी हात मागे घेऊ लागले. तेवढ्यात माईने माझी बोटे घट्ट आवळून धरली. इतकी घट्ट, की मला कळ आली. ती समोर भिंतीकडे पाहत होती. तिचा चेहरा तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखा शांत होता.

मग माझ्या मनगटावर तिचा अंगठा रुतला.

शेठजींनी उपरणे बाजूला फेकले. ते घामाने थबथबले होते. "सात!" ते म्हणाले. "सातवीपर्यंत! बाई, तुमी वान्याच्या पोटी जल्माला याले पाह्यजे होतं. तीस सालात मले कोनी असं पिळलं नाई. वामनराव, लिहा."

वामनरावांनी लिहिले. जिन्यावर माई मला पोचवायला आली, तेव्हा मी म्हणाले, "माई, मी पाच म्हटले होते."

"हो का? कापड जाड होतं, मास्तरीनबाई. ऐकू नाई आलं."

तिने पदर सारखा केला.

"पन तुमी पाच काहून मागितलं?"

"मिळेल असे वाटले तेवढे मागितले."

"असं मागत नसतात. आपन पुरं मागायचं. कमी कराले समोरचा बसलेला राह्यतोच."

छंदःशास्त्राच्या साऱ्या अभ्यासात एवढे नेमके चरण मी ऐकलेले नव्हते.

पाचवी, सहावी, सातवी, असे वर्ग एकामागून एक निघाले. कस्तुरीचा बाप म्हणाला, मालकाचा सौदा सातचा झाला आहे, मी मधे कसा मोडू? अकरांपैकी आठजणी सातवीपर्यंत टिकल्या. सतरा नांदींना पुरतील एवढे बैल बुधवाऱ्यात कधीच आले नाहीत, म्हणून चार नांदी शाळेत आणल्या. मुली त्यांत पाट्या धुवायच्या आणि त्या पाण्याचा रंग सदैव पावसाळी ढगासारखा असे. कस्तुरी फोपनारला गेली ती सातवी होऊन, आणि शेठजींनी आंदण म्हणून एक नांद तिच्या बैलगाडीत घातली. ती सरकारी मालमत्ता असल्याने वामनरावांनी रीतसर नोंद केली: "नांद क्रमांक नऊ, बदली, फोपनार."

रतनशेठची कारकीर्द संपली ती एका परिपत्रकाने. यापुढे मतदान हात वर करून, उघडपणे व्हावे, असा हुकूम आला. शेठजींनी तो तीनदा वाचून घेतला. "हात वर? आन् उघडा?" दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. उघड्या हाताला काही समजत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नंतरच्या सभा पाहता ते फारसे चुकीचे नव्हते.

निरोपाचे मानपत्र मीच लिहिले. त्यात मी त्यांना "स्त्रीशिक्षणाचे कल्पतरू" म्हटले, आणि रूपक साधले म्हणून मला आनंदही झाला. माईचे नाव मी घातले नाही. उपरण्याखालच्या हाताला मानपत्रात कोठे बसवावे, ते मला सुचले नाही. म्हणजे मी सुचू दिले नाही, कारण सातवीपर्यंत वर्ग आणल्याचा मान तोवर गावाने मला दिला होता आणि तो अंगावर शालीसारखा उबदार लागत होता. त्याच सभेत ती बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत बसली होती. कल्पतरूवर टाळ्या झाल्या, तेव्हा तिनेही वाजवल्या.

शेठजी जाऊन काही वर्षे झाल्यावर मी माईला भेटायला गेले. ती फार थकली होती. तिला ऐकू येत नव्हते, आणि या वेळी कापडाचा दोष नव्हता. मी मोठ्याने म्हणाले, "माई, ते मानपत्र चुकले होते." ती नुसती हसली. मी आणखी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या खोलीतली मोलकरीण डोकावून गेली, माईला मात्र काही पोचले नाही.

म्हणून मी तिचा हात माझ्या पदराखाली घेतला आणि पंजा धरला, मग दोन बोटे. सात. म्हणजे, तुमचे सात अजून चालू आहेत. तिचे डोळे क्षणात जागे झाले. बोटांची टोके तशीच गुळगुळीत होती. तिने माझ्या तळव्यावर हळूच नख ओढले.

नाही.

मग तिने माझा पंजा धरला, सोडला आणि तीन बोटे धरली. आठ. मी हात निश्चल ठेवला. तिने पुन्हा आठ धरले, आणि भिंतीकडे पाहत शांतपणे वाट पाहू लागली.

मी तिचे मनगट दाबले. माझ्या निवृत्तीला तेव्हा चार दिवस उरले होते.